चिकटलेलं चुंबक

धाकटी जाऊ आमच्या कारखान्यात लागली ती माझ्याच शब्दावर. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला मला कोणाची मदत लागत नाही. सहा वर्षांत ती भट्टी सांभाळायला लागली, आणि आता सुपरवायझरच्या जागेसाठी मालकांसमोर दोनच नावं होती, तिचं आणि माझं. मी अठरा वर्षं प्रेसवर. तरी मालक म्हणतात, "विचार करतो." विचार कसला करायचा त्यात!

आमच्याकडे स्टीलचे खोल डबे होतात. सपाट पत्रा प्रेसमध्ये तीनदा ओढावा लागतो. ओढताना त्याच्या आतल्या कणांची मांडणी बदलते. एरवी चुंबकाला दाद न देणारं ते स्टील चुंबक धरायला लागतं आणि कडक होतं. म्हणून दुसऱ्या ओढीनंतर धाकटी डबे भट्टीत लालबुंद तापवून झटकन गार करते. मांडणी पहिल्यासारखी होते, पत्रा मऊ पडतो. मग मी चुंबक लावून बघते आणि शेवटची ओढ देते.

सोमवारी चुंबक चिकटलं. एकदोन नाही, चाळीसच्या चाळीस डब्यांना. भट्टी नीट तापलीच नव्हती. मी सांगायला निघाले, तेवढ्यात मालक तिच्यापाशी थांबून काहीतरी बोलून हसले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, करेल तो भरेल. सगळे डबे ओढून मोकळी झाले. दिसायला कसे, लखलखीत!

असा पत्रा लगेच फाटत नाही, आत ताण धरून बसतो. मंगळवारी सकाळी सगळे डबे काठापासून खाली तडकलेले. मालकांनी दोघींना समोर उभं केलं. "चुंबक लावलं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "भट्टी माझी, चूक माझी. ताईंना काही विचारू नका. त्यांच्या हातून असं होणारच नाही."

मालक तिच्याकडे बघतच राहिले. कौतुकानं! चाळीस डबे भंगारात घालून बाई वर कौतुक घेऊन चालली होती. कामात पुढे गेली असती तर एक वेळ गिळलं असतं. पण चांगुलपणातही हीच पुढे?

"लावलं होतं," मी म्हणाले. "चिकटलं होतं. माहीत असून ओढले मी."

जागा गेली, हे बोलतानाच कळत होतं. धाकटीचा चेहरा उतरला.

"ताई, एवढा राग होता माझ्यावर?"

"होता नाही," मी म्हटलं, "आहे."