गवताचे अकरा गठ्ठे

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात स्नेहाला सगळे 'गवतवाली' म्हणायचे. नाव मीच पाडलं होतं. वाशीम जिल्ह्यातल्या माळरानांवर कोणकोणती गवतं उगवतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. "गवतावर डॉक्टर होता येते, तं आमची ढोरं कवाच झाली असती," असं मी म्हणायचो आणि गोटे सर, म्हणजे आम्हा दोघांचेही गाईड, कप तोंडाशी धरून हसायचे. तीही हसायची. मला तिचा हेवा वाटायचा. तिचं काम माझ्यापेक्षा सरस होतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

ती आसेगावची. वडलांच्या मोटारसायकलवर मागे बसून तिनं चार पावसाळे जिल्हा पालथा घातला. गवत मुळासकट उपटायचं, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं, घडीवर पेन्सिलीनं क्रमांक, गाव, तारीख लिहायची. ती घडी कायम. तिच्या वरखालचे कागद मात्र गवत वाळेपर्यंत रोज बदलायचे. पोहरादेवीच्या माळावर एकदा मीही तिच्यासोबत गेलो होतो. कुसळं घुसून तिचा हात सुजला, म्हणून त्या दिवशीच्या घड्यांवर मी लिहिलं. तिनं प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याबद्दल माझे आभारही मानले होते. मला वाचून दाखवले होते.

वाळलेलं गवत शेवटी जाड कागदावर शिवतात. तो कागद सरांनी दोन वर्षं मंजूरच केला नाही. त्यामुळे तिचे तीनशे चौदा नमुने वर्तमानपत्रांतच राहिले, नाड्यानं बांधलेल्या अकरा गठ्ठ्यांत, कपाटावर. मार्चअखेर तिला प्रबंध या नमुन्यांसकट सादर करायचा होता. मुदत एकदा वाढवून झाली होती. जूनमध्ये विभागात तासिका तत्त्वावरची एक जागा भरणार होती आणि ज्याचा प्रबंध आधी जाईल, त्याला ती मिळणार होती. माझा अजून अर्धा लिहायचा होता.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी मूल्यांकन समिती यायची होती. शनिवारी सरांनी फर्मान काढलं, विभागात रद्दीचा एक कपटा दिसता कामा नये. स्नेहा जाड कागद स्वतःच्या पैशानं आणायला अकोल्याला गेली होती. आमचे परिचर उकंडराव स्टुलावर चढले.

"प्रज्वलभाऊ, हे गठ्ठे बी रद्दीतच द्याचे काय?"

मी मान वर केली. अकरा गठ्ठे, लाल नाडा. मी चांगला पाच मोजेपर्यंत गप्प राहिलो, म्हणजे चुकून बोललो असं मला कधी म्हणता येणार नाही.

"जुने पेपरच तं हायेत ते," मी म्हणालो.

सोमवारी समितीनं विभाग कसा लख्ख ठेवलाय म्हणून कौतुक केलं. मंगळवारी स्नेहा आली, तिनं रिकाम्या कपाटाकडे पाहिलं आणि सरळ रद्दीवाल्याकडे पळाली. मीही गेलो, मदत करायला. रद्दीवाल्या बबनरावांनी घड्या झटकून रद्दी वजनावर विकली होती आणि आतला कचरा बकरीपुढं टाकला होता. बकरी दावणीला उभी राहून रवंथ करत होती. स्नेहा तिच्यापुढं बसून चाऱ्याच्या कुटारात हात घालून शोधत राहिली. दोन मुळ्या सापडल्या. कुठल्या गावच्या, ते तिलाही सांगता येईना. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण जागेचा विचार काही मनातून गेला नाही.

गवत पुन्हा फुलायचं भादव्यात. एकच वाट उरली होती. नमुने अपघातानं गेले, असं गाईड आणि विभागातला एक संशोधक लिहून देत असतील, तर विद्यापीठ एक वर्ष देणार होतं. बुधवारी ती अर्ज घेऊन सरांच्या खोलीत आली. सरांनी समितीच्या कौतुकाप्रीत्यर्थ फाटकासमोरच्या हॉटेलातून कचोऱ्या मागवल्या होत्या.

उकंडराव दारातूनच बोलले, "सर, मी भाऊले इचारलं व्हतं..."

"उकंडराव, रिटायरमेंटले किती महिने राह्यले तुमचे?"

"सात."

"मंग चूप राहा."

सरांनी अर्ज न वाचता बाजूला सारला. "नमुने व्हते याचा पुरावा काय? मी तं कपाटावर पाह्यले नाहीत. प्रज्वल, तू पाह्यले?"

स्नेहा माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर पूर्ण विश्वास. मग तिची नजर माझ्या हातातल्या कचोरीवर गेली. तिनं हळूच त्याखालचा कागद ओढून घेतला, कचोरी टेबलावर ठेवली आणि कागद तळव्यानं सपाट केला. तेलातून पेन्सिल स्वच्छ दिसत होती. क्रमांक ११२, पोहरादेवी, माळरान, ९ सप्टेंबर.

"हे माह्यं अक्षर नाही," ती म्हणाली. "कोनाचं हाये, प्रज्वल?"

सर माझ्याकडे पाहत होते. उकंडराव जमिनीकडे.

"मले काय माहीत," मी म्हणालो. "मी तं काहीच पाह्यलं नाही."

ती रडली नाही. तिनं अर्जाची घडी केली, त्यावर तेलाचे डाग पडले, आणि ती निघून गेली. कागद तिथंच राहिला. सरांनी त्याला बोटं पुसली.

आता ती शिरपूरला एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, असं ऐकतो. माझा प्रबंध आधी गेला आणि मी जूनमध्ये रुजू झालो. पहिलं प्रात्यक्षिक वनस्पती वाळवण्याचं होतं. एका मुलीनं विचारलं, "सर, पेपरवर नंबर पेननं लिवला तं चालते काय?"

"पेन्सिलनं लिही," मी म्हणालो. "तेल लागलं तरी जात नाही."