झाकण नसलेलं चित्र

"चित्रकला म्हणजे माणसाच्या आत्म्याला फुटलेली पहाट," असं प्रदर्शनाच्या पायऱ्या चढता चढता पोटाचे डॉक्टर जाहीर करून मोकळे झाले. दारातून समोरचं चित्र दिसलं मात्र, आणि त्यांच्या सकाळच्या चहाने परतीची वाट धरली.

"अहो, तोंड उघडायच्या आधीच सांगते," बायको कानाशी लागली. "रंग, आकार आणि ब्रशचे फटकारे. यावर काय ते बोला. शरीरातलं काहीही बाहेर काढायचं नाही."

तिचंही बरोबर होतं. मागच्या प्रदर्शनात डॉक्टरांनी लेकीच्या चित्रापुढे उभं राहून, चारचौघांत, "ही कावीळ अंगावर काढलेली दिसते" असं निदान केलं होतं. तेव्हापासून लेकीने बापाशी बोलणं टाकलं होतं. फोन त्यांनी उचलला, की "आईला द्या", एवढंच. आज ते मिटवायचं होतं.

लेकीचं चित्र भिंतभर होतं. पिवळट हिरवा लगदा, त्यात तांबूस तंतू, कडेने तपकिरी साय आणि सगळ्यावर ओलसर चकाकी. लोकांच्या पोटातलं नाही नाही ते बघून, हात धुऊन निवांत जेवायला बसणारा हा माणूस. पण दवाखान्यात असलं काही येतं ते बाटलीतून येतं, वर झाकण असतं. इथे झाकण नव्हतं.

"किती प्रसन्न," शेजारचे एक गृहस्थ मान तिरकी करून म्हणाले. डॉक्टरांना त्यांची जीभ तपासावीशी वाटली.

लेक हाताची घडी घालून उभी होती.

"रंग," डॉक्टरांनी सुरुवात केली, "भरपूर आहे."

लेकीने घडी आणखी घट्ट केली.

"आकाराला जरा सू..."

बायको खोकली.

"सुटसुटीतपणा आहे."

उरले फटकारे. रोग्याचं पोट दाबून बघताना वाकावं तसे ते वाकले आणि नकळत बोलून गेले, "हात सगळीकडे बेधडक चाललाय. इथे खाली मात्र थबकलाय. रंग पातळ झालाय, मागे फिरलाय. मग त्याच जागी पुन्हा जोर केलाय. इथे काय झालं होतं?"

लेकीची घडी सुटली. "इथे मला मळमळायला लागलं. उठून गेले. परत आले ती आधी तेवढंच पुरं केलं." मग हळूच म्हणाली, "सगळे येऊन प्रसन्न म्हणून जातात. बाबा, तुम्हाला काय वाटतंय? खरं सांगा."

बायकोने डोळे वटारले. खोटं बोलायचं डॉक्टरांनी ठरवलंही, पण पोट ऐकेना.

"शिसारी येतेय. त्या चकाकीची तर फारच. आणि ती काढली तर चित्रात राम उरणार नाही, हे त्याहून वाईट."

"मग हे तुमच्याकडेच," लेक इतक्या महिन्यांनी बापाकडे सरळ बघत म्हणाली. "आई, जेवणाच्या टेबलासमोरची भिंत रिकामीच आहे ना?"

डॉक्टरांचा गळा दाटून आला. निदान बायकोला तरी तसं वाटलं.

"बाळ," तोंडाशी तळहात नेत ते म्हणाले, "ते मागाहून बघू. आधी बेसिन कुठे आहे तेवढं सांग."