ताण्याची शेपटी

"काय म्हणाला तो पोरगेला डॉक्टर?" अल्मा शॉरॉकनं खुर्चीतूनच ओरडून विचारलं. उभा जन्म कापडगिरणीतल्या मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे तिला स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे. ती एकतर ओरडे, नाहीतर नुसते ओठ हलवी.

तिच्या लेकीनं, विनिफ्रेडनं, मागचं दार लावून घेतलं. "विश्रांती घ्या म्हणाला."

"खोटं. स्टॅमिना म्हणाला. 'यांच्यात आता स्टॅमिनाच उरला नाही.' काचेतून दिसलं मला."

विनिफ्रेड हातमोजे काढता काढता थांबली. परसात, दार ओढून, ती डॉक्टरशी अगदी हलक्या आवाजात बोलली होती. स्वयंपाकघराची खिडकी तिच्या ध्यानातच आली नव्हती. लँकेशायरच्या गिरणीगावात जन्मलेल्या मुलीनं ही चूक करावी! इथल्या विणकरणी भर खडखडाटात, शेडच्या दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीशी नुसत्या ओठांनी भांडत आल्या होत्या. लहानपणी आईचा राग आला की विनिफ्रेड भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची. पुढे लीड्सच्या मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवता शिकवता ती सावधगिरी सुटली.

म्हणजे पुढचंही दिसलं असणार.

"आणि तू काय म्हणालीस तेही दिसलं," आई म्हणाली. "'वृद्धाश्रमात खोली मिळाली. एकदा हे संपलं की सुटेन मी.'"

"घर रिकामं करण्याबद्दल बोलत होते मी."

"घरात आहे काय माझ्याशिवाय?"

दोघी जेवायला बसल्या. मटण-बटाट्याचं हॉटपॉट आईनं सकाळीच भट्टीत लावलं होतं. बाजूला लाल कोबीचं लोणचं. विनिफ्रेडला ते आवडत नसे, हे आईला पक्कं माहीत होतं. तिनं मोठा डाव भरून तिच्या ताटात वाढलं.

"काय असतं गं ते स्टॅमिना? तुझ्या लॅटिनमधलं दिसतंय."

"तुझ्या गिरणीतलंच आहे. ताणा."

"उगाच काहीतरी."

"उगाच नाही. मागावरच्या उभ्या धाग्याला रोमन लोक स्टॅमेन म्हणायचे. एकाहून जास्त धागे असले की स्टॅमिना." वर्गात शिकवावं तसं, एकेक शब्द सुटा करून ती बोलत होती. "त्यांच्या तीन म्हाताऱ्या देवी होत्या. एक माणसाच्या आयुष्याचा धागा कातायची, दुसरी मापायची, तिसरी कापायची. ज्याच्या वाट्याला चिवट धागा आला, तो माणूस तगायचा. पुढे इंग्रजीत तो शब्द अंगच्या ताकदीला लागला, दम धरण्याला. फुलातल्या केसरालाही तेच नाव आहे."

"एका धाग्याला तिघीजणी?" आई फिस्सकन हसली. "आमच्या मुकादमानं असल्या कामचुकार बायकांना गिरणीच्या दारात उभं केलं नसतं. आणि ती तिसरी, कात्रीवाली. ताणा संपला की मागातून उपटून टाकायचा, असं कुठे असतं? शेवटच्या टोकांची शेपटी मागातच ठेवतात त्याची. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या शेपटीला सांधायचा. मग माग पुन्हा चालू."

"माहितीये मला."

"माहितीये, तर मग उपटायला का निघालीस?"

विनिफ्रेडनं काटा खाली ठेवला. आज ती भिंतीकडे वळली नाही. आईच्या डोळ्यांत बघून, ओठ नीट उघडून म्हणाली, "कारण तुझ्या शेपटीला मला सांधून घ्यायचं नाहीये."

आईनं तिच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. "तोंडावर बोललीस ते बरं झालं," ती म्हणाली. "त्या भिंतीलाही कंटाळा आला असेल तुझा."

भांडी घासून विनिफ्रेडनं कोट चढवला. चारची बस हा तिचा नेम होता. सणावारी आली तरी चारची बस, आईला फ्लू झाला तेव्हाही चारची बस.

"सोमवारी न्यायला येतील तुला."

"येऊ देत की. दाराला कडी आहे."

विनिफ्रेड पुढच्या दारानं निघाली ती थेट कोपऱ्यापर्यंत. मागे वळून बघायची तिला सवय नव्हती.

सोमवारी आश्रमाचे लोक आलेच नाहीत, कारण रविवारी सकाळी समोरच्या घरातल्या नेली टॅटरसॉलला अल्मा खिडकीजवळच्या खुर्चीत गार पडलेली सापडली.

दफनाच्या आदल्या दिवशी दुपारी शवपेटी पुढच्या खोलीत आणून ठेवली. दुखवटा म्हणून गल्लीतल्या घराघराचे पडदे ओढलेले होते. विनिफ्रेड आत शिरली तेव्हा नेली पेटीशी बसलेली होती. तीही जुनी विणकरीण, तशीच बहिरी.

"आलीस? मिळाली वाटतं बस."

"तुम्ही बसलात, फार उपकार झाले," विनिफ्रेड कोटाची बटणं काढत म्हणाली.

"माझ्याकडे बघून बोल. मेलेली ती आहे, मी नाही."

विनिफ्रेडनं मान वर केली. "उपकार झाले म्हटलं."

"उपकार कसले? आमच्यात मढं एकटं ठेवत नाहीत. उद्या सकाळपर्यंत मी आहे इथे. तू जा. चार वाजतील तुझे."

"नेलीमावशी, शनिवारी मी गेल्यावर आई काही बोलली का हो?"

"तुला कशाला हवंय?"

विनिफ्रेड तिच्यासमोर आली. नेलीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मी माझ्या दारातली पायरी पुसत होते. ती खिडकीत होती, तू कोपऱ्याकडे चालली होतीस. मी हातानं विचारलं, काय झालं? तर म्हणाली..." आणि नेलीनं आवाज न करता ओठ हलवले. गाल ताणून, जीभ दाखवून, अगदी अल्मासारखे. विनिफ्रेडनं ते वाचले. ही बोली ती बोलत नसे, पण वाचायला विसरली नव्हती.

*राहा म्हणायचं होतं. पण पाठीला काय सांगणार?*

"आता कळलं? मग जा," नेली म्हणाली.

"तुम्ही जा घरी, मावशी. जरा पडा."

"आणि हिच्यापाशी?"

विनिफ्रेडनं तिची शाल तिच्या हातात ठेवली. नेलीनं शाल गुंडाळली, काहीतरी पुटपुटली आणि दार आपटून गेली.

कोपऱ्यावर चारची बस आली, थांबली, निघून गेली. विनिफ्रेडनं हातमोजे काढून कोटाच्या खिशात घातले. खुर्ची ओढून ती पेटीच्या उशाशी आईकडे तोंड करून बसली. पडदे ओढल्यामुळे खोलीत अंधार होता. तिनं टेबलावरचा दिवा लावला आणि उजेड आपल्या तोंडावर पडेल असा वळवला.

आधी नुसते ओठ हलवून पाहिले. मोठ्ठे, वेडेवाकडे, लीड्समध्ये चारचौघांत कधी हलवले नसते तसे. मग घसा खाकरून तिनं स्वच्छ आवाजात सांगितलं,

"आई, आज मी राहते."