मनापासून केलेलं टेबल

त्या घरात पाहुणा आला की पाण्याच्या आधी सूचना यायच्या. "त्या स्टुलावर नको, इकडे बसा. जरा पुढे सरकून बसा, पाठ टेकू नका." चपलांच्या कपाटाचं दार खालून गुडघ्याने दाबल्याशिवाय उघडत नसे. पुस्तकांचं कपाट भिंतीच्या आधाराने उभं होतं आणि त्यातली पुस्तकं एकमेकांच्या आधाराने. जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. केर काढताना ती चुकून निघाली की टेबल कलायचं आणि वाटीतलं पातळ थेट सासूबाईंच्या मांडीवर यायचं.

हे सगळं घरधन्याने स्वतःच्या हातांनी केलेलं होतं आणि तो ते कुणाला विसरू देत नसे. विकतचं फर्निचर म्हणजे भुसा दाबून केलेली फसवणूक, असं त्याचं ठाम मत. घरात विकतची खुर्ची एकच होती, तिच्यावर तो स्वतः बसायचा. त्याला पाठीचा त्रास होता ना.

बरं, हा माणूस पोटापाण्यासाठी काय करायचा? तर वजनमापे खात्यात निरीक्षक होता. तो बाजारात शिरला की दुकानदार ताठ बसायचे. काट्यात केसभर फरक सापडला तर काटा जप्त, वर लोकांच्या विश्वासावर भाषण. पण संध्याकाळी घरी येऊन करवत हातात घेतली की हाच माणूस एकदम उदार व्हायचा. एक पाय तोकडा कसा झाला, असं बायकोने विचारलं तर म्हणायचा, "अगं, लाकूड आहे. थोडंफार चालतं."

सासूबाई म्हणजे त्याची आई. त्यांची जीभ शाबूत होती. "तुझ्या सासऱ्यांनी जन्मात कधी खिळा ठोकला नाही," त्या सुनेला सांगायच्या. "किती गुणी माणूस होता, ते आत्ता कळतंय."

सून मात्र नवऱ्याची बाजू घ्यायची. ती शिवणकाम करायची. चेन बदलणं, बाही आखूड करणं, उसवलेलं जोडणं अशी बारीकसारीक कामं येत, पण तिचा हात खरा चालायचा तो कोटावर. कोट बेतायला मोठी सपाट जागा लागते. तशी जागा घरात फक्त जमिनीवर होती, म्हणून ती गुडघे टेकून जमिनीवर बेतायची. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, आता जमिनीवर बसणं बंद. नवऱ्याने हे ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. "टेबल मी करतो!" तो म्हणाला, आणि बायकोला नाही म्हणवेना.

टेबल झालं. त्याच्या एका टोकाला दोऱ्याचं रीळ ठेवलं की ते कुणी न सांगता दुसऱ्या टोकाला जायचं आणि खाली उडी मारायचं. तिने त्याच्यावर एक कोट बेतला. कापड हळूहळू घसरत गेलं आणि कोटाच्या समोरच्या बाजूचा डावा पुढा उजव्यापेक्षा बोटभर लांब निघाला. तिने तो कोट मुकाट्याने नव्या कापडात पुन्हा केला. टेबल पॅसेजमध्ये गेलं, त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग चढला आणि ती परत जमिनीवर बसायला लागली. उठताना भिंत धरायला लागायची.

तरी नवऱ्याला ती एका शब्दाने बोलली नाही. फोनवर बहिणीला सांगायची, "हात नाही गं ह्यांचा त्यात. पण माझ्यासाठी करतात ना? मनापासून करतात." हे म्हणताना तिला खरंच बरं वाटायचं. गुडघे दुखत असताना जवळ बाळगायला काहीतरी लागतंच.

नवऱ्याने यथावकाश दोष शोधून काढला. अर्थातच तो त्याचा नव्हता. "माझ्याकडे वर्कबेंच नाही," तो म्हणाला. "लाकूड घट्ट धरून ठेवणारं, दणकट, सपाट. ते असल्याशिवाय नीट टेबल होणारच नाही. आधी वर्कबेंच करतो. मग बघ तुझं टेबल!"

मागची मोठ्या खिडकीची खोली शिवणकामासाठी ठरलेली होती. ती वर्कबेंचला गेली. शिवणयंत्र पॅसेजमध्ये त्या कलत्या टेबलाशेजारी येऊन बसलं. खोलीचं दार बंद राहू लागलं आणि आतून रोज संध्याकाळी रंध्याचा आवाज यायचा. जेवायला हाक मारली तर "सरस लावलाय, आत्ता उठता येत नाही" असं उत्तर यायचं. असे महिने गेले. ती दिवाणखान्यातल्या जमिनीवर बेतत राहिली आणि रंध्याचा आवाज ऐकून मनातल्या मनात म्हणत राहिली, चला, माझ्याच टेबलाची तयारी चाललीय.

अशात एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. हिने शिवलेला एक कोट त्यांनी कुणाच्या तरी अंगावर पाहिला होता. थंडीचे कोट करायचे होते, जाड लोकरी कापडाचे. अख्ख्या हंगामाचं काम होतं.

"पण एक सांगते," बाई म्हणाल्या. "जमिनीवर बेतलेलं मला चालत नाही. कापडाला धूळ लागते, कड वाकडी जाते. रविवारी येते. टेबल बघते, पटलं तर कापड लगेच गाडीतून उतरवते."

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चेनी बदलल्यावर कुणीतरी तिला हंगामभर फक्त कोट करायला सांगत होतं. तिने तसंच जाऊन मागच्या खोलीचं दार वाजवलं आणि फटीतून सगळं सांगितलं.

"वा! छान झालं," नवरा आतून म्हणाला.

"अहो, मग टेबल? नवीन नसेल होत तर राहू दे. ते पॅसेजमधलं तरी रविवारपर्यंत सरळ करून द्या."

"त्याचं आता काही होत नाही गं. मुळात लाकूडच वाकडं आहे ते. पण काळजी करू नकोस, वर्कबेंच शनिवारी पूर्ण होतंय!"

ह्यात काळजी न करण्यासारखं काय होतं ते तिला कळलं नाही, पण शनिवारी काहीतरी होणार एवढं तिने धरून ठेवलं.

शनिवारी दुपारी त्याने दोघींना बोलावलं आणि दार उघडलं. सासूबाईंनी हातातला चहाचा कप वर्कबेंचवर टेकवायला पुढे केला. तो ओरडला, "आई, नको! डाग पडेल!" सासूबाईंनी कप छातीशी धरला. ज्या घरात चहा ठेवायला टेबल शोधावं लागत नव्हतं, फक्त धीर लागायचा, तिथे हे नवीनच होतं.

तिने बघितलं. खिडकीतल्या उजेडात ते रुंद, लांब, तेल पाजलेलं लाकूड पाण्यासारखं सपाट दिसत होतं. तिच्या खिशात रीळ होतं, ते तिने मधोमध ठेवलं. रीळ हललं नाही. टोकाला ठेवलं, तिथेही हललं नाही. मग तिने आपली लोखंडी पट्टी आणली, आडवी धरली, उभी धरली, वाकून खालून बघितलं. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. चारही पायांचे सांधे एकही खिळा न मारता असे बसवले होते की नखाला फट लागत नव्हती. हलवून पाहिलं तर घर हलेल पण हे हलणार नाही, असं ते उभं होतं.

"म्हणजे तुम्हाला येतं," ती म्हणाली.

त्याला ते कौतुक वाटलं. "येतं म्हणजे काय! प्रत्येक सांध्याचा काटकोन गुण्या लावून तपासलाय. एक पाय केसभर कमी वाटला तर अख्खा पाय नवीन केला. हे बघ, मनापासून केलं की सगळं येतं."

बोटभर लांब गेलेला तो पुढा तिला आठवला. पुठ्ठ्याची घडी आठवली, बहिणीला फोनवर सांगितलेलं आठवलं. त्याचा त्यात हात नाही म्हणून तिने सगळं सोडून दिलं होतं. हात होता. चांगला होता. तो फक्त त्याने स्वतःसाठी ठेवला होता.

"आणि माझं टेबल?" तिने विचारलं.

"ते करायचंच आहे! फक्त..." त्याने वर्कबेंचवरून तळवा फिरवला. "ह्याच्यावर करवत चालवायला जीव होत नाही गं. ओरखडे येतील. तेव्हा उद्या वखारीतून लाकूड आणतो आणि कामासाठी एक साधं दुसरं वर्कबेंच करून टाकतो. मग तुझं टेबल."

सासूबाईंनी उभ्या उभ्याच चहा संपवला आणि सुनेकडे बघितलं. सुनेने वर्कबेंचवरचं रीळ उचलून खिशात टाकलं.

रविवारी सकाळी तो वखारीत गेला. त्याची स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती. मग तिने बाह्या सारल्या. "आई, जरा हात लावता का?"

"मी कधीची तयार बसलेय," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मागच्या खोलीतले रंधे, पटाश्या, करवती टोपल्यांत भरून पॅसेजमधल्या कलत्या टेबलावर नेऊन ठेवल्या. पॅसेजमधलं शिवणयंत्र मागच्या खोलीत खिडकीपाशी आलं. भुसा झाडून तिने वर्कबेंच ओल्या फडक्याने पुसलं, वर कोट बेतायचे कागदी खाके, खडू, कात्री मांडली आणि समोर उभी राहिली. उंची अगदी बरोबर होती. वाकायला लागत नव्हतं, गुडघा मोडायला लागत नव्हता. इतकं सोपं असतं हे, असं वाटून तिला रडूच फुटलं. सासूबाईंनी तिकडे लक्ष नसल्यासारखं करून खिडकीची काच पुसली.

मालकीणबाई आल्या. त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, जोर लावून बघितला आणि भुवया उंचावल्या. "असं टेबल आमच्या दुकानातही नाही. कुठून घेतलंत?"

"ह्यांनी केलंय."

"तुमच्यासाठी? नशीबवान आहात हो."

ती हसली. "आजपासून माझ्यासाठी," ती म्हणाली. बाईंना त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि लोकरी कापडाचे तागे आत आले.

तो परत आला तेव्हा पहिला कोट बेतून होत आला होता. खांद्यावर फळ्या घेऊन तो दारातच थबकला. ती खाक्याच्या रेघेवरून दातेरी चाक फिरवत होती, खालच्या कापडावर खुणा उमटवायला. चाक जोर लावूनच फिरवावं लागतं. कापड सरकलं तिथे तेल पाजलेल्या लाकडावर बारीक टिंबांची एक लांब ओळ उमटलेली त्याला दिसली.

"अगं, अगं! हे काय! ओरखडे!"

तिने मान वर केली नाही. "लाकूड आहे," ती म्हणाली. "थोडंफार चालतं."

"पण मी काम कुठे करू?"

"पॅसेजमध्ये टेबल आहे ना? तुम्हीच केलेलं. माझ्यासाठी."

तो आईकडे वळला. आई विकतच्या खुर्चीत बसून कापडाच्या कडांचे सुटे धागे कापत होत्या. ती खुर्चीही मागच्या खोलीत आली होती. "उजेड अडवू नकोस," त्या म्हणाल्या.

तो रुसला. दोन्ही वेळा जेवला, पण रुसून जेवला. सोमवारी संध्याकाळी पॅसेजमधल्या टेबलावर त्याने फळी ठेवली, ती घसरली. पेन्सिल ठेवली, ती घरंगळत जाऊन खाली पडली. ती उचलून पुन्हा ठेवली, ती पुन्हा पडली. आतून तिला पेन्सिल पडल्याचा आवाज यायचा, मग त्याचं पुटपुटणं, मग पुन्हा पेन्सिल. पुढे पेन्सिलचा आवाज बंद झाला आणि रंध्याचा सुरू झाला.

आठवडा सरायच्या आत एका दुपारी तो ऑफिसात असताना ती पॅसेजमधून चालली होती. टेबल बघून थांबली. खिशातलं रीळ काढून तिने टेबलाच्या टोकाला ठेवलं.

रीळ हललं नाही. त्या मुळातच वाकड्या लाकडावर, ज्याचं आता काही होत नव्हतं, ते आपलं जागच्या जागी उभं होतं. वाकून पाहिलं तर दोन पाय नवे होते आणि सांधे असे, की नखाला फट लागत नव्हती. त्याला स्वतःला लागलं, तसं ते लगेच सरळ झालं होतं. तिला भयंकर राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता तेवढा सगळा एकदम आला, आणि तो आल्यावर तिला मोकळं वाटलं.

"आई," तिने हाक मारली, "जरा इकडे या. हे बघा."

सासूबाईंनी बघितलं. रीळ स्वतः ठेवून बघितलं. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि दोघींच्या मनात एकच गोष्ट आली असावी, कारण दोघी एकदमच स्वयंपाकघराकडे वळल्या.

संध्याकाळी जेवायला हाक मारली तेव्हा त्याच्या जागी, पाहुण्यांना ज्यावर बसू देत नसत, ते स्टूल होतं. तिने जेवणाच्या टेबलाखाली वाकून पुठ्ठ्याची घडी काढून घेतली आणि त्याचं ताट कलणाऱ्या बाजूला मांडलं.