बाहेरचा नळ

मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींत कुणाचा पाइप फुटला, कुणाचा घर तापवणारा फर्नेस रुसला, की पहिला फोन नरेंद्ररावांना जायचा. गाड्यांची इंजिनं कडाक्याच्या थंडीत सुरू होतात की नाही, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यामुळे थंडीशी त्यांचं वैर होतं, आणि जुन्या वैऱ्याबद्दल वाटावा तसा आदरही होता. "पाणी हा सज्जन माणूस आहे," ते म्हणायचे, "पण गोठेपर्यंतच. गोठलं की फुगतं, आणि फुगलं की तांब्याच्या पाइपालाही जुमानत नाही." त्यांच्या बायकोने, वसुधाने, हे इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते "पाणी" म्हणाले की ती मनातल्या मनात वाक्य पुरं करून आपल्या कामाला लागायची.

दर ऑक्टोबरात निळ्या पुठ्ठ्याची वही निघायची. एका वर्षाला एक पान. पन्हळीतला पालापाचोळा, फर्नेसचा फिल्टर, खिडक्यांच्या फटी आणि सगळ्यांत शेवटी बाहेरचा नळ. नळाचा होज, म्हणजे लांब रबरी पाइप, काढून ठेवायचा, आत बेसमेंटमध्ये त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग बाहेर जाऊन नळ उघडायचा आणि पाइपात उरलंसुरलं पाणी गळू द्यायचं. काम झालं की बरोबरची खूण आणि पुढे तारीख. काम झाल्याशिवाय खूण करायची नाही, हा नरेंद्ररावांचा धर्म. देवपूजा त्यांनी आयुष्यात केली नाही, तेव्हा धर्म म्हणून त्यांच्याकडे काय ती ती वहीच होती.

गेल्या दीड वर्षापासून ते विसरायला लागले होते. आधी माणसांची नावं, मग किल्ल्या, मग घरी यायचा रस्ता. त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस विसरायचाच, असं वसुधा जगाला सांगायची, आणि जगापेक्षा जास्त स्वतःला. पण मुलाला, अनयला, यातलं काही कळू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. अनय ॲरिझोनात चँडलरला इंजिनिअर होता. "इकडे या, बर्फ नाही, काही नाही," हे त्याचं तीन वर्षांचं पालुपद. त्यावर नरेंद्ररावांचं उत्तर ठरलेलं, "बर्फ नाही तिथे येऊन मी करू काय?"

म्हणून वसुधा खोटं बोलायची. दूध उतू जाऊन करपलं, तर "मीच विसरले बाई." गाडीच्या किल्ल्या फ्रीझरमध्ये मटारांखाली सापडल्या, तर "मीच ठेवल्या असतील, माझंच डोकं ठिकाणावर नाही." ऑगस्टमध्ये तर नरेंद्रराव भाजी आणायला म्हणून गेले आणि अडीच तास आलेच नाहीत. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या शैलाला ते लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलेले सापडले. तेवढ्यात नेमका अनयचा फोन येऊन गेला होता. वसुधाने शैलाचे हात धरले, "काका तुझ्याकडे चहाला आले होते, एवढंच अनयला सांग." शैलाने सांगितलं, वर चहाबरोबर कांदाभजी होती असंही घालून दिलं. थाप मारावी तर अशी.

सप्टेंबरात अनयने घर विकायचा विषय पुन्हा काढला, तेव्हा नरेंद्ररावच म्हणाले, "बत्तीस वर्षं हे घर मी थंडीसाठी तयार करतोय. यंदाही करतो. तू ख्रिसमसला ये, स्वतः बघ. एक गोष्ट जरी राहिलेली दिसली, तर मीच सही करून घर विकतो आणि तुझ्याकडे येतो. मग वाद नाही."

हे तर त्यांनी घर पणालाच लावलं होतं! पण बोलून बसले होते, आणि दिलेला शब्द मात्र ते कधी विसरत नसत.

ऑक्टोबरभर ती त्यांच्या मागे मागे राहिली. शिडीवर चढायचं नाही म्हणून पन्हळ साफ करायला माणूस बोलावला. फर्नेसचा फिल्टर त्यांनी उलटा बसवला. ते दुपारी पडले तेव्हा तिने हळूच जाऊन सुलटा केला. खिडकीला लावायचं प्लास्टिक त्यांनी एका खिडकीला दोनदा लावलं आणि दुसरी तशीच सोडली; ते गॅरेजमध्ये असताना तिने तीही उरकली. वहीतल्या खुणा वाढत गेल्या.

बाहेरचा नळ मात्र त्यांनी एकट्याने केला. वीस तारखेला, स्वच्छ उन्हात. ती जिन्यावर उभी राहून बघत होती. त्यांनी होज काढून गुंडाळला, व्हॉल्व्हची दांडी आडवी केली, बाहेर जाऊन नळ उघडला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहिली. मग नळ बंद करून खिशातल्या रुमालाने पुसला, जसं काही लहान मुलाचं नाक पुसतायत. घरात येऊन त्यांनी खूण केली, तारीख घातली. सगळं बिनचूक. वसुधाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि डोळेही भरून आले.

दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला होती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, शैला आणि आणखी चार घरं फराळाला यायची होती. वसुधा दर दिवाळीला दारात सडा घालायची. शेण कुठलं आणायचं, साधं पाणीच. पण ओल्या दारात रांगोळी काढल्याशिवाय तिला दिवाळी आल्यासारखी वाटत नसे. दरवर्षी ती स्वयंपाकघरातून बादली भरून न्यायची. यंदा खांदा इतका धरला होता की बादली उचलवेना. आणि ड्राइव्हवेवर ओली पानं चिकटून सगळा राडा झाला होता. पाच मिनिटांचं तर काम, असं म्हणत तिने बेसमेंटमधला व्हॉल्व्ह उघडला, होज नळाला जोडला आणि दार लख्ख धुतलं. सडा घातला. रांगोळीचा डबा उघडते न उघडते तोच आत धुराचा अलार्म कोकलायला लागला.

नरेंद्ररावांना तिला मदत करायची होती. चकल्या तळायला तेल तापत ठेवून ते पेपर वाचायला दुसऱ्या खोलीत गेले होते. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. तिने पळताना बाहेरचा नळ तेवढा बंद केला होता. आत येऊन कढईवर झाकण घातलं, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. तेवढ्यात दारात शैला, हातात चिवड्याचा डबा.

"मीच तेल ठेवून बाहेर गेले गं," वसुधा म्हणाली. "म्हातारी झाले."

नरेंद्रराव पेपर हातात धरून आतल्या दारात उभे राहून ऐकत होते.

फराळ झाला, गप्पा झाल्या, पाहुणे गेले. बेसमेंटमधला व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि होज नळाला लटकत राहिला. आठवडाभरात बर्फ पडलं आणि होज त्याखाली गेला. वसुधाला पुन्हा त्याची आठवण झाली नाही. नरेंद्रराव काय विसरतात याच्यावर पहारा ठेवता ठेवता तिचं स्वतःकडे लक्षच उरलं नव्हतं.

अनय बावीस डिसेंबरला आला. बापाने वही त्याच्या हातात दिली आणि त्याला घरभर फिरवलं. अनयने फिल्टर पाहिला, खिडक्यांना हात लावून वारा येतो का ते पाहिलं. बेसमेंटचे पाइप बघायला मात्र तो खाली उतरला नाही, वहीतली खूण पाहूनच त्याने मान डोलावली. जेवताना तो म्हणाला, "ओके बाबा, यू विन. धिस विंटर, इथेच राहा. मी परत नाही विचारणार." नरेंद्ररावांनी आमटी-भात मागून घेतला. वसुधाने कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवण केलं.

मग तीन दिवस हाडं फोडणारी थंडी पडली. चौथ्या दिवशी लख्ख ऊन आलं, बर्फ वितळायला लागलं. दुपारी तिघं टेबलाशी बसले होते, आणि अनयने विचारलं, "शॉवर कोण घेतंय?"

कोणीच घेत नव्हतं.

बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी झालं होतं. थंडीत फुटलेल्या पाइपातलं बर्फ वितळलं होतं आणि भिंतीतून कारंजं उडत होतं. अनयने घराचं सगळं पाणी बंद केलं तेव्हा कुठे ते थांबलं. नरेंद्ररावांची हत्यारांची पेटी, जुने फोटो, अनयच्या शाळेची पुस्तकं, सगळं पाण्यात. नरेंद्रराव सपाता घालूनच पाण्यात उतरले आणि सरळ व्हॉल्व्हपाशी गेले. दांडी पाइपाच्या रेषेत होती. म्हणजे उघडा. त्यांनी दोनदा हात लावून बघितलं. अनय बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "होज पण लावलेलाच आहे, बर्फाखाली."

नरेंद्ररावांनी वर जाऊन वही आणली. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्यांनी पान उघडलं. बाहेरचा नळ, बरोबरची खूण, वीस ऑक्टोबर. अक्षर त्यांचंच. ते बराच वेळ त्या खुणेकडे बघत राहिले. त्यांची आई गेल्याचा फोन आला तेव्हाही वसुधाने त्यांना इतकं खचलेलं पाहिलं नव्हतं.

"न करता खूण केली मी," ते म्हणाले. "आता वहीचाही भरवसा नाही."

वसुधाला सगळं एकदम आठवलं. होज, सडा, धूर.

"अहो, नाही! तुम्ही बंद केला होतात. मी स्वतः पाहिलं. मी उघडला परत. दिवाळीत, सडा घालायला. तेवढ्यात अलार्म झाला आणि मी धावले. माझ्याकडून राहिला. खरंच माझ्याकडून राहिला."

अनयने कपाळाला हात लावला. "आई. स्टॉप. प्लीज."

"अरे, खरं सांगते!"

"दूध तू जाळलंस, किल्ल्या तू हरवल्यास, आता पाइप पण तूच फोडलास? व्हाय डू यू डू धिस? मला सगळं कळतं, आई. मी फक्त बोलत नव्हतो."

वसुधाने शैलाला फोन लावला आणि अनयला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. "शैला, दिवाळीच्या शनिवारी तू आलीस तेव्हा दार ओलं होतं ना गं? होजने धुतलं होतं मी. अनयला सांग ना."

पलीकडून शैला आवाज खाली आणून म्हणाली, "हो काकू, सांगते ना. ऑगस्टसारखंच ना? काही काळजी करू नका. तुम्ही म्हणाल तसं सांगते. फक्त होज कुठे होता म्हणायचं, तेवढं सांगा."

अनयने हळूच तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. "ऑगस्टमध्ये काय झालं?" त्याने विचारलं. बिचाऱ्या शैलाचा तरी काय दोष? तिला जे शिकवलं तेच ती म्हणाली.

अनय टॉवेल आणि बादल्या आणायला वर गेला. वसुधा पाण्यातच उभी होती. नरेंद्ररावांनी पायरीवर सरकून जागा केली आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता.

"वसू, दूध मी उतू घालवलं. किल्ल्या मी ठेवल्या फ्रीझरमध्ये. शैलाकडे मी चहाला गेलो नव्हतो, गाडीत बसून रडत होतो. फिल्टर तू सुलटा केलास, मी झोपलो नव्हतो तेव्हा. दुसऱ्या खिडकीचं प्लास्टिक तू लावलंस. चकलीचं तेल मी ठेवलं होतं, आणि तू शैलाला सांगितलंस की तू ठेवलंस." ते बोटांवर मोजत होते, एकही गोष्ट चुकली नाही, क्रमसुद्धा नाही. "सगळं विसरतो गं मी. पण तू माझ्यासाठी जे जे खोटं बोललीस, त्यातलं एकही विसरलो नाही. रोज सकाळी उठून आधी तेच आठवून बघतो."

वसुधा हुंदके देऊन रडायला लागली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता दमलीस. मीही दमलो. एकदा, फक्त एकदा माझ्याशी खरं बोल. म्हणजे मला अनयकडे जायला सोपं जाईल. नळ माझ्याकडून राहिला ना?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि त्या खोट्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला असता.

"नाही हो," ती म्हणाली. "माझ्याकडून. तुमची शपथ."

नरेंद्रराव हसले. किती मायेने हसले! त्यांनी तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जिन्याच्या वर बघून हाक मारली.

"अनय, तिकिटं काढ. तिघांची."