बारा पोत्यांचं वॉशिंग मशीन

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. मग ताई म्हणाली, "तू नाही लिहिलंस तर मी लिहीन." ते परवडणारं नव्हतं.

आईचं मनगट सुजलं होतं. डॉक्टर म्हणाले, कपडे पिळणं बंद. मी आणि बाबांनी आठवडाभर पिळून बघितलं. शर्ट तीन-तीन दिवस ठिबकायचे. आईने पुन्हा बादली ओढून घेतली.

माझ्या क्रेडिट कार्डावर सत्तावीस हजार सहाशे पॉइंट साठले होते. तीस हजारांत वॉशिंग मशीन. चोवीसशे कमी, आणि महिनाअखेरीला होते ते सगळेच बाद. एरवी शंभरामागे एक पॉइंट मिळतो, पण त्या महिन्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानात दहा! म्हणजे चोवीस हजारांची खरेदी केली की काम झालं. बिल भरायला आईने घरखर्चातून बाजूला ठेवलेले तेवढे होते. खाद्य घ्यायचं, बिल्डिंगमधल्या कुत्रेवाल्यांना त्याच भावात विकायचं, पैसे परत, मशीन फुकट. मी एक्सेल केली. रंगसुद्धा भरले.

आमच्याकडे कुत्रा नाही, यासाठी एक्सेलमध्ये रकानाच नव्हता.

दुकानदाराने फॉर्म काढला. "कुत्र्याचं नाव?"

बाबांना सगळे दादा म्हणतात. मी "दादा" सांगितलं.

"वय?"

घाबरलो की माझ्या तोंडून खरंच निघतं. "एकसष्ट."

त्याने चष्मा वर केला. "कुत्र्याचं?"

"तब्येत चांगली आहे. फक्त गुडघे धरतात."

त्याने टाइप केलं. त्याच्या कॉम्प्युटरने वय वाचलं आणि म्हाताऱ्या कुत्र्यांच्या खाद्याशिवाय दुसरं काही द्यायचं साफ नाकारलं. बारा पोती.

बिल्डिंगमध्ये कुत्री सात. सगळी तरणीबांड. खालच्या काकू तर चिडल्याच. "आमचा दोन वर्षांचा आहे. त्याला आत्तापासून पेन्शनीत काढतोस का रे?"

एकही पोतं खपलं नाही.

ताई ऑफिसातून आली, पोती मोजली. "कितीला पडली?"

"चोवीस हजार."

"अरे गाढवा, चोवीस हजारांत दुकानात नवं मशीन मिळतं!"

बाबा एका पोत्यावर बसून मागचा मजकूर वाचत होते. "सांध्यांना उत्तम म्हणतात रे."

"बाबा, खाली ठेवा ते," ताई म्हणाली.

पॉइंट मात्र जमा झाले. मशीन शेवटच्या दिवशी आलं. डिलिव्हरीवाल्याने बाथरूमबाहेरचा कोपरा बघितला. तिथे छतापर्यंत पोती. घरात दुसरीकडे जागाच नव्हती, एक पोतं तर बाबांच्या उशीला होतं.

"जागा नसेल तर परत नेतो. एकदा परत गेलं की पॉइंटपण गेले."

आई मनगटाला पट्टी बांधून दारात उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माझा मित्र आला. प्लंबर आहे, मशीनला नळ जोडायला बोलावला होता. त्याच्याकडे चौदा वर्षांचा कुत्रा. मला तो सुचलाच नव्हता. एक्सेलमध्ये फक्त आमची बिल्डिंग.

त्याने पाना खिशात घातला. "बाराही नेतो. पैसे महिन्याला एका पोत्याचे. पण एक अट आहे."

"बोल."

"आमचा म्हातारा एकटा जेवत नाही. कोणीतरी त्याच्यासमोर खाली बसून जेवायला लागतं. आम्ही नवरा-बायको दोन वर्षं टेबलाला शिवलो नाही. रोज संध्याकाळी सात वाजता."

"किती दिवस?"

"एक पोतं महिनाभर जातं. कर हिशोब, एक्सेलवाल्या."

डिलिव्हरीवाला मशीन पुन्हा हातगाडीवर चढवायला लागला.

बाबा म्हणाले, "हो म्हण, नाहीतर मी जातो."

मी प्लंबरचा हात धरला. "वर्षभर येईन. रोज सातला, माझा डबा घेऊन. आणि त्याने पहिला घास घेतल्याशिवाय डबा उघडणार नाही."