वाटाण्याएवढा दादा

दार उघडताच कुजलेल्या अंड्यांचा वास आला. ताई नाकाला रुमाल लावून आत शिरल्या. साहेब हातमोजे घालून उभे होते आणि समोर कॅमेरावाला.

"साहेब, हे काय केलंत?"

"थांबा हो ताई, फोटो चाललाय."

फोटो संस्थेच्या अहवालासाठी होता. प्रमुख शास्त्रज्ञ कामात मग्न, असा. प्रमुख शास्त्रज्ञ कामात मग्न झाल्याला बरीच वर्षं लोटली होती. रिकाम्या कुपीने चेहऱ्यावर गांभीर्य येईना, म्हणून त्यांना खरी हवी होती. ताई मागच्या दाराशी नायट्रोजनच्या टाक्या उतरवून घेत होत्या. तेवढ्यात साहेबांनी खिळ्यावरची किल्ली काढली, शीतपेटी उघडली आणि हाताला लागेल ती कुपी उचलली.

हाताला लागला तो दादा.

ताई ह्या प्रयोगशाळेच्या शीतपेट्या सांभाळत. दादा त्यांचा सख्खा थोरला भाऊ. आधी त्याचे हात आपोआप नाचायला लागले, मग मान, मग तोंड. शेवटी तो घास गिळायचंही विसरला. वडीलही तसेच गेले होते. दादाच्या मुलीला तो आजार आहे की नाही, हे रक्त तपासून कळलं असतं. ती तपासत नव्हती.

दादा अंथरुणाला खिळला तेव्हा साहेब घरी आले होते. मेंदू मागायला. तेव्हा फार गोड बोलले होते. मेंदूतल्या काही प्रथिनांना म्हणे चरबीची शेपटी लागते. त्या शेपटीने ती पेशीच्या पडद्याला धरून राहतात. ह्या आजारात शेपटी नीट चिकटत नाही, प्रथिन भरकटतं, त्याचे गोळे होतात आणि पेशी मरते. उंदरांत हे दिसलं होतं. माणसात बघायचं होतं.

"ह्यांच्या अंगावर जन्मभर चरबी धरली नाही," वहिनी म्हणाली होती, "मेंदूत कुठून धरणार?" आणि तिने सही केली होती. ताईंनी भीड घातली म्हणून.

ह्या आजारात मेंदूचा जो भाग सुकतो, तो दादाचा वाटाण्याएवढा उरला होता. तो त्या कुपीत होता.

पहिला फोटो झाल्यावर साहेबांना हुरूप आला. कुपी उघडलीच आहे तर प्रयोगही करू, म्हणाले. आणि हाताच्या जुन्या सवयीने त्यांनी त्यात ते कुजक्या वासाचं औषध ओतून सगळं उकळलं. बाकी प्रत्येक प्रयोगात ते ओततात. ह्या एकाच प्रयोगात चालत नाही, कारण त्याने चरबीची शेपटीच तुटते. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हे साहेबच बजावत.

"होतं असं," हातमोजे काढत साहेब म्हणाले. "नमुना मुळातच खराब होता, असं कळवून टाकू. मृत्यूनंतर उशीर झाला असणार."

"उशीर?"

"म्हणजे, तांत्रिक भाषेत."

"दादा गेला तेव्हा वहिनीला मी धड रडूही दिलं नाही," ताई म्हणाल्या. "घाई करा, घाई करा म्हणून तिच्या हातातून त्याचं डोकं काढून घेतलं. आणि तुम्ही म्हणता उशीर? फोटोसाठी भाऊ उकळलात माझा, आता खोटंही त्याच्याच नावावर?"

कॅमेरावाला न सांगता बाहेर गेला.

"ताई, आवाज..."

"गाडी काढा. वहिनीला तुम्ही सांगायचं. माझ्या तोंडाने नाही."

साहेबांनी गाडी काढली. ताईंचं धैर्य पाहून नव्हे. ताई दारातून हलत नव्हत्या, आणि त्या खोलीला दार एकच होतं.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. साहेबांनी शास्त्रापासून सुरुवात केली.

"साधं बोला," वहिनी म्हणाली.

साहेब बराच वेळ साधं शोधत राहिले. "माझ्या हातून वाया गेलं."

वहिनीने हातातली घडी पूर्ण केली. "फोटो तरी चांगला आला का?"

मग ती ताईंकडे वळली.

"वन्सं, बाकीचं काही उरलंय का त्यांचं?"

"मेंदूचा वरचा भाग आहे. पण साहेबांना हवं होतं ते त्यात सापडायचं नाही."

आतल्या खोलीतून दादाची मुलगी दारात आली. सगळं ऐकलं असावं. "आत्या, राहू दे ते तुझ्याकडे," ती म्हणाली. "ह्यांच्या हाताला लागू देऊ नकोस." आणि परत आत गेली. जाताना तिचा खांदा चौकटीला लागला. तिघांनीही तो लागताना पाहिला, आणि कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी शीतपेटी उघडली. पांढरी वाफ पायांवर उतरली. दादाचा डबा त्यांनी खालच्या खणातून काढून सगळ्यात वर, मागे सरकवला, आणि हात तसाच त्यावर ठेवला. दार फार वेळ उघडं राहिलं की पेटी ओरडायला लागते. ती ओरडायला लागली. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "ताई, दार!"

ताईंनी तिला ओरडू दिलं.